ठाण्यातली सहा रविवारांची अनुवाद कार्यशाळा: झालर, फिशू आणि पारव्याची मान

आधी कामाची माहिती देते, मग मनातलं. ठाण्यात नौपाड्यात, गोखले रोडपासून चालत पाचेक मिनिटांवर, एका जुन्या सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ही कार्यशाळा भरते. सहा रविवार, सकाळी साडेदहा ते दीड, फी ४,५०० रुपये, त्यात झेरॉक्स आणि मधला चहा धरून. विषय एकच. फ्रेंच कथा-कादंबऱ्यांमध्ये माणसांच्या कपड्यांचं आणि हावभावांचं वर्णन जिथे येतं तेवढेच उतारे घ्यायचे आणि ते इंग्रजीत आणायचे. संवाद नाही, कविता नाही, व्याकरण नाही. नवऱ्याने फी ऐकून विचारलं की कपड्यांवर सहा रविवार बोलणार तरी काय गं, आणि खरं सांगते, पहिल्या दिवशी ट्रेनमध्ये मलाही तोच प्रश्न पडला होता. आता सहाही रविवार संपलेत आणि मला वाटतंय की बारा हवे होते.

मी ऐरोलीला एका कंपनीत फ्रेंच मॅन्युअल्स इंग्रजीत करते, नऊ वर्षं झाली. पंप, गास्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह. तिथे प्रत्येक शब्दाला ठरलेला शब्द असतो, ग्लॉसरी उघडायची आणि टाकायचा, चुकलं तर क्लायंट दुसऱ्या दिवशी कळवतोच. कथा अनुवाद करायचं वेड कॉलेजपासूनचं, पण दरवेळी अडायचे ते भलत्याच ठिकाणी. लांबलचक विचार, भांडणं, प्रेमपत्रं सगळं जमायचं आणि मग गोष्टीतली एखादी बाई नुसती उठून खांद्यावरचं काहीतरी सावरायची आणि माझं वाक्य तिथेच मरायचं. मागच्या वर्षी एक ऑनलाइन कोर्स केला होता (नाव घेत नाही), त्यात कपड्यांच्या शब्दांची भलीमोठी यादी पाठ करायला दिली आणि एकही उतारा वाचून घेतला नाही. यादी पाठ झाली, वाक्यं तशीच मेलेली राहिली.

इथे पहिल्या रविवारी मॅडमनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, उच्चार साधारण 'इल ओशा ला तेत'. आम्ही अकरा जण. नऊ जणांनी खाली मान घालून लिहिलं, 'ही नॉडेड'. मॅडम म्हणाल्या, आता सगळे उठा आणि करून दाखवा. आम्ही उठलो, मान वर-खाली केली. मग म्हणाल्या, आता डिक्शनरी काढा. आणि बघतो तर काय, हे क्रियापद वर-खालीही चालतं आणि आडवंही चालतं, होकारही असू शकतो आणि 'काय बाई हे' अशी नापसंतीही असू शकते, ठरतं ते पुढच्या-मागच्या वाक्यावरून. इंग्रजीत मात्र नॉड वेगळा आणि शेक वेगळा, पहिल्या शब्दालाच तुम्हाला ठरवावं लागतं की माणूस हो म्हणतोय का नाही. मग त्यांनी विचारलं, मराठीत काय म्हणाल? 'मान हलवली.' आणि क्षणभर हॉलमध्ये कोणीच बोललं नाही, कारण मराठीतही तेच की! 'मान डोलावली' म्हटलं की पसंती आली, पण नुसती 'मान हलवली' म्हटलं की हो का नाही ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. म्हणजे आम्ही मराठीतून गेलो असतो तर शंका वाटेतच भेटली असती, थेट इंग्रजीत उडी मारली म्हणून ती आलीच नाही.

हीच मॅडमची पद्धत आणि याचसाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. फ्रेंच वाचायचं, मराठीत स्वतःशी बोलायचं, अंगाने करून किंवा हाताने शिवून बघायचं, आणि मगच इंग्रजी लिहायचं. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की मराठीत विचार करू नका, इंग्रजी बिघडतं. इथे पहिल्यांदा कोणीतरी सांगितलं की मराठीत विचार करा, त्याशिवाय तुम्हाला दिसणार नाही.

आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नाही, त्याला भाषेचा आधार आहे. फ्रेंचमध्ये अवयवाच्या आधी 'तिचे', 'त्याचा' सहसा लावत नाहीत. तिने डोळे पुसले, त्याने खांदे उडवले, तिने हात पुढे केला, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीला मात्र 'हर आइज', 'हिज शोल्डर्स' असं मालकी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. पन्नास लोकांनी मान डोलावली तर आपण 'माना डोलावल्या' म्हणायलाच हवं असं नाही, 'सगळ्यांनी मान डोलावली' हेही चालतं, फ्रेंचमध्येही तिथे एकच डोकं, इंग्रजीत मात्र पन्नास डोकी मोजून लिहावी लागतात. मी नऊ वर्षं हे रोज करत होते आणि कधी लक्षातच आलं नव्हतं की या बाबतीत फ्रेंच आपल्या बाजूला बसलीय आणि इंग्रजी समोर. कपाळाला आठ्या घालणं घ्या. आपण कपाळ आणि आठ्या दोन्ही सांगतो, फ्रेंच भुवया सांगते, इंग्रजी 'फ्राउन' म्हणून मोकळी होते. चेहऱ्यावर नेमकं कुठे काय झालं ते तिला सांगायचं नसतं. मग लेखकाने मुद्दाम भुवयांकडे आपलं लक्ष नेलं असेल तर 'फ्राउन' पुरेल का, की भुवया ठेवायच्या? या एका प्रश्नावर आमचा चहा थंड झाला.

पण मराठी फसवतेसुद्धा, तेही मॅडमनी त्याच दिवशी दाखवलं. फ्रेंच गोष्टीत कोणी दोन्ही हात एकत्र जोडले असं आलं की आपल्या डोळ्यासमोर नमस्कार येतो, आणि तिथे ती प्रार्थना असते, नाहीतर गयावया, नाहीतर नुसती हताशा. आमच्यातल्या एकाने तिथे नमस्कार समजून इतकं शांत इंग्रजी वाक्य केलं की एक रडणारी बाई पाहुण्यांचं स्वागत करतेय असं वाटायला लागलं.

सगळ्यात जास्त उतारे गुस्ताव्ह फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'चे होते. कादंबरी १८५६ साली मासिकातून क्रमशः आली, १८५७ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, निर्दोष सुटली आणि मग पुस्तक निघालं. इंग्रजीत तिचे इतके अनुवाद आहेत की एकाच टोपीची चार-पाच इंग्रजी रूपं शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. एलिनॉर मार्क्सचा १८८६चा (हो, कार्ल मार्क्सची धाकटी मुलगी), आणि लिडिया डेव्हिसचा २०१०चा, हे दोन आमच्या टेबलावर कायम असायचे. मॅडमचा नियम असा की आपलं वाक्य लिहून झाल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

दुसरा रविवार लग्नाचा. कादंबरीची नायिका एम्मा आणि तिचा नवरा शार्ल, त्यांच्या लग्नाला आलेले पाहुणे. लेखकाने पाहुण्यांची ओळख करून दिलीय ती कोटांवरून, ज्याची जशी पत तसा कोट. काहींचे चांगले टेलकोट, जे घरात सगळ्यांनी मानाने कपाटात जपलेले आणि फक्त मोठ्या प्रसंगालाच बाहेर निघणारे. काहींचे लांब कोट, वाऱ्यावर शेपट्या उडणारे, खिसे पोत्याएवढे. काहींची जाडीभरडी जाकिटं. आणि काहींचे एकदम आखूड कोट, पाठीवर दोन बटणं डोळ्यांच्या जोडीसारखी जवळजवळ, आणि शेपट्या जणू सुताराने कुऱ्हाडीने एका ठोकळ्यातून तोडून काढलेल्या. मला हे वाचताना सरळ आमच्या गावचं लग्न दिसलं, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा काकांचा तो एकच कोट, जो प्रत्येक लग्नाच्या फोटोत आहे.

इथे शब्दांची गंमत अशी की जवळजवळ प्रत्येक शब्द खड्डा आहे. फ्रेंच 'व्हेस्त' म्हणजे जाकीट, इंग्रजी व्हेस्ट नव्हे, आणि आपली बनियन तर नव्हेच. 'आबी' म्हणजे इथे टेलकोट, इंग्रजी 'हॅबिट'सारखी सवय नव्हे. 'रदँगोत' हा शब्द तर मुळात इंग्रजांच्या 'रायडिंग कोट'चं फ्रेंचांनी केलेलं रूप, तो तसाच परत इंग्रजीत नेला तर वाचकाला ओळख लागत नाही, म्हणून 'फ्रॉक कोट' करावा लागतो. आणि सगळ्यात मोठा खड्डा 'ब्लूज'. पंगतीत शेवटी बसणारे गरीब पाहुणे हा घालून आलेत, कॉलर खांद्यावर उलटलेली, पाठीला बारीक चुण्या, खूप खाली शिवलेला पट्टा. अकरापैकी सात जणांनी बिनधास्त 'ब्लाउज' लिहिलं. मीही. आपल्याकडे ब्लाउज म्हटलं की काय दिसतं ते सांगायला नको, इंग्रजीतही बायकांचाच दिसतो. तो शेतकऱ्याचा, कामकऱ्याचा सैल लांब अंगरखा, इंग्रजीत 'स्मॉक'. मॅडम रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की मराठीत स्वतःशी बोलताना शब्द नका बोलू, कपडा बोला, कुठून कुठपर्यंत आहे, कुठे बांधलाय, खाली काय दिसतंय.

हे कपडा बोलणं आम्हाला खरं शिकवलं ते बॅचमधल्या एका काकूंनी. डोंबिवलीच्या, तीस वर्षं घरी शिवणक्लास चालवला, मुलगी तिकडे गेली म्हणून साठीनंतर फ्रेंच शिकल्या. एम्मा पहिल्यांदा दिसते ती दारात, निळ्या मेरिनो लोकरीच्या झग्यात, झग्याला तीन 'व्होलाँ'. मी फ्रिल लिहिणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, 'अगं फ्रिल गळ्याला असते, बाहीला असते, ही घेराला खाली लागलेली आहे, रुंद, ही झालर. आणि तीन झालरी लोकरीच्या कापडाला म्हणजे केवढं कापड गेलं असेल, केवढं वजन झालं असेल, शेतावरच्या घरात ही मुलगी लोकरीच्या तीन झालरी घालून दारात आलीय.' बघा, एका वाक्यात काकूंनी एम्माचा सगळा स्वभाव सांगितला. इंग्रजीत मग 'फ्लाउन्स' आपोआप आला, यादीतून शोधावा लागला नाही.

तिसऱ्या रविवारी मेगाब्लॉक होता, ट्रान्स-हार्बरने पोचायला मला अर्धा तास उशीर झाला आणि मी आत शिरले तर सगळे जमिनीवर बसून पुठ्ठा कापत होते. शार्लची टोपी. कादंबरी सुरू होते तीच शाळेत आलेल्या या नव्या पोराच्या टोपीने, आणि ती टोपी म्हणजे पाच टोप्यांचं मिश्रण, सैनिकाची केसाळ टोपी, पोलिश घोडेस्वाराची, गोल हॅट, पाणमांजराच्या कातड्याची आणि रात्री झोपताना घालायची सुती. आकार अंड्यासारखा, आत व्हेलच्या हाडाच्या काड्या, खाली तीन गोल वळकट्या, मग मखमल आणि सशाच्या कातड्याचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे मध्ये लाल पट्टी देऊन, वर एक पिशवी, पिशवीला पुठ्ठ्याचा बहुकोनी माथा, त्यावर वेणीची नक्षी, आणि एका लांब, फारच बारीक दोरीला लटकणारा जरीचा छोटा गोंडा. काकूंनी जुन्या मखमली ब्लाउजपीसचे तुकडे आणले होते, कोणी जांभळी नाक्यावरून जरीची दोरी आणली होती. दीड तास आम्ही झटलो. टोपी झाली नाही. वळकट्या बसवल्या की शंकरपाळे बसेनात, पिशवी लावली की अंड्याचा आकार राहीना. आणि मग मॅडमनी विचारलं, मग आता अनुवादात काय करायचं? जे बनत नाही ते दिसेल असं सोपं करायचं?

आमच्यातल्या एका मुलाने तसंच केलं होतं, सगळं नीट लावून, दोन वाक्यांत, वाचायला छान. आणि तेच चूक होतं. कारण ती टोपी दिसावी म्हणून लिहिलेलीच नाही, ती बघताना डोळे थकावेत म्हणून लिहिली आहे, बिचारा मुलगा ती गुडघ्यावर घेऊन बसलाय आणि वर्ग हसणार आहे. मग त्या लांबलचक वाक्यानंतर दोन छोटी वाक्यं येतात, टोपी नवीन होती, तिची पुढची कड चमकत होती. ही दोन वाक्यं वाचून मला पोटात तुटलं. कोणीतरी पैसे साठवून घेतलेली नवी टोपी आहे ती. त्या तीन वळकट्यांना फ्रेंचमध्ये 'बुदँ' म्हटलंय, म्हणजे खरं तर रक्ताची सॉसेज. इंग्रजीत 'रोल्स' केलं तर शिंप्याचा शब्द होतो, नीटनेटका, 'सॉसेज' ठेवलं तर हसू येतं. मी सॉसेज ठेवलं. हा निर्णय मी पुठ्ठा कापल्याशिवाय घेऊ शकले नसते.

चौथा रविवार माझा सगळ्यात आवडता. बर्फ वितळायचे दिवस आहेत, झाडांच्या सालीतून पाणी गळतंय, एम्मा उंबऱ्यावर येते, छत्री आणते आणि उघडते. छत्री 'गॉर्ज द पिजों' रेशमाची, शब्दशः पारव्याचा गळा. त्यातून ऊन आरपार येतं आणि तिच्या गोऱ्या चेहऱ्यावर हलते रंग पडतात, आणि ताणलेल्या रेशमावर पाण्याचे थेंब एकेक पडताना ऐकू येतात. मी पारवा म्हणजे करडा धरला आणि 'डव-ग्रे' लिहिलं. माझ्यासारख्या तिघी होत्या. काकूंनी काही न बोलता पिशवीतून स्वतःची पैठणी काढली, खिडकीशी गेल्या आणि पदर उन्हात धरला. सरळ धरला तर जांभळा, जरा कलता केला तर हिरवा, आणि घडीच्या कडेवर दोन्ही. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, म्हणून. 'धूपछाव,' त्या म्हणाल्या, 'आता खाली बघा.' खाली पत्र्यावर पारवे बसले होते, आणि त्यांच्या मानेवर अगदी तेच चाललं होतं, मान वळली की हिरवं, परत वळली की जांभळं. मी ठाण्यात आणि ऐरोलीत जन्मभर पारवे बघितले, गॅलरीला जाळी लावून घेतली त्यांच्यापायी, पण त्यांच्या मानेकडे कधी बघितलं नव्हतं.

तर तो करडा रंग नाहीच, ते दोन रंगांचं कापड आहे, इंग्रजीत 'शॉट सिल्क'. आणि हे कळलं की पुढचं वाक्य आपोआप उघडतं, कारण चेहऱ्यावरचे रंग हलतात ते कापडामुळे. छत्री करडी केली तर चेहऱ्यावर काय हलणार? एलिनॉर मार्क्सने पारवा ठेवलाय, गळ्याऐवजी छाती केलीय पण पक्षी सोडलेला नाही. नुसतं 'शॉट सिल्क' लिहिलं तर कापड बरोबर येतं आणि पक्षी उडून जातो. मी दोन्ही ठेवायचा प्रयत्न केला, वाक्य थोडं लांबलं, मॅडमनी चालवून घेतलं.

त्याच दिवशी 'आंदिएन' हा शब्द आला. झगा 'आंदिएन'चा. एकीने लिहिलं 'इंडियन ड्रेस', आणि त्यात तिचा फार दोष नाही, कारण शब्द आपल्यावरूनच आहे. हिंदुस्थानातून गेलेलं छापील सुती कापड, ते फ्रान्समध्ये इतकं खपायला लागलं की तिथल्या रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांना वाचवायला १६८६ मध्ये त्यावर बंदी आली आणि ती १७५९ पर्यंत चालली. पुढे ते तिथेच छापायला लागले आणि एकोणिसाव्या शतकातल्या गोष्टींत ते साध्या घरातल्या बायकांचं रोजचं कापड झालं. मराठीत काय म्हणाल, असं विचारल्यावर आम्ही गप्प, आणि परत काकूच, 'चीट! चिटाचं परकर-पोलकं नाही का म्हणत!' इंग्रजी 'चिंट्झ' हा त्याच घरातला शब्द. पण तो वापरायचा का? आजच्या इंग्रजी वाचकाला चिंट्झ म्हटलं की पडदे आणि सोफ्याची कव्हरं दिसतात. 'कॅलिको' म्हणावं तर हा शब्द कालिकतवरून, पण ब्रिटनमध्ये कॅलिको म्हणजे साधं कोरं कापड आणि अमेरिकेत छापील. शेवटी 'प्रिंट ड्रेस' किंवा 'प्रिंटेड कॉटन' हेच बरं. म्हणजे कापड आपलं, इंग्रजीतले दोन शब्दही आपल्याकडचे, आणि तरी दोन्ही वापरता येत नाहीत. मला हे सुचून वाईट वाटलं खरं.

फिशूबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर आम्ही भांडलो आणि अजून एकमत नाही. उन्हाळ्यातली दुपार, तीनचा सुमार, खिडक्यांची दारं लोटलेली, सायडरच्या उष्ट्या ग्लासांवर माश्या, एम्मा शिवत बसलीय आणि तिने 'फिशू' घेतलेला नाही, उघड्या खांद्यांवर घामाचे बारीक थेंब. फिशू म्हणजे तिकोनी पातळ कापड, खांद्यावरून घेऊन छातीवर अडकवायचं. अनुवादात 'शॉल' केलं की थंडी वाजायला लागते, 'स्कार्फ' केलं की गळ्यापुरतंच राहतं. मार्क्सबाईंनी फिशूच ठेवलाय. माझं मत असं की ठेवावा, कारण महत्त्व त्या कापडाच्या नसण्याला आहे, आणि पदर नसलेले खांदे म्हणजे काय ते मराठी वाचकाला जसं क्षणात कळतं तसं इंग्रजी वाचकाला कुठल्याच शब्दाने कळणार नाही, मग निदान खरा शब्द तरी असू दे. शेजारच्या दादांचं म्हणणं, वाचक अडखळला तर घाम वाळून जाईल. तेही खरंच आहे.

मोपासाँची हाराची गोष्ट, शाळेत अनेकांनी इंग्रजीत वाचलेली, तीही झाली. नृत्य संपल्यावर नवरा बायकोच्या खांद्यावर रोजचे साधे कपडे टाकतो आणि तिला तिथून पळावंसं वाटतं, कारण बाकीच्या बायका फरमध्ये गुंडाळून घेतायत. आणि शेवटी, दहा वर्षं कर्ज फेडून, तिचे केस विस्कटलेले, स्कर्ट वेडावाकडा, हात लाल. आणि प्रूस्तचा एक प्रसंग, ज्यात स्वान नावाचा मित्र सांगतोय की तो आता जगणार नाही आणि ड्यूकसाहेबांना पार्टीची घाई आहे म्हणून ऐकायला वेळ नाही, पण ड्यूकसाहेबांच्या बायकोने लाल झग्यावर काळे बूट घातलेत हे दिसल्यावर ते बदलायला मात्र वेळ निघतो. हे दोन्ही फार घाईत उरकले. प्रूस्तला तरी पूर्ण एक रविवार हवा होता.

आता तक्रारी, त्या सांगितल्या नाहीत तर रिव्ह्यू अर्धा राहील. झेरॉक्स वाईट. फ्रेंचमधली अक्षरांवरची चिन्हं अर्धी उडालेली, आणि ती उडाली की भूतकाळ का वर्तमानकाळ तेच कळत नाही, मला घरी जाऊन मूळ पान ऑनलाइन शोधून हाताने चिन्हं काढावी लागली. साडेचार हजारात नीट प्रिंट मिळायला हवी. हॉलचे दोन पंखे, त्यातला एक आवाज करतो, मागे बसलात तर मॅडमचं ऐकू येत नाही, म्हणून खिडकीकडची पुढची जागा धरा. पुरुषांचे कपडे एका रविवारात संपवले, गणवेश, धर्मगुरूंचे झगे, वकिलांचे गाऊन यांना हात लागला नाही. आपण केलेल्या अनुवादावर लेखी शेरे फक्त दोनदा मिळाले, बाकी तोंडी, आणि तोंडी शेरे मला घरी पोचेपर्यंत आठवत नाहीत. पार्किंग विसरा, स्टेशनवरून चालत या. हे सगळं धरून मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापला तो झेरॉक्सचा.

कोणी जावं? ज्यांचं फ्रेंच परीक्षेपुरतं पक्कं आहे आणि आता वाचायचंय त्यांनी. फक्त इंग्रजी चांगलं आहे म्हणून जाऊ नका, तुमचा वेळ जाईल. आणि ज्यांना मराठीत बोलायला संकोच वाटतो त्यांना इथे त्रास होईल, कारण मॅडम सारखं विचारतात, मराठीत काय म्हणाल.

शेवटचा रविवार हातांचा होता. 'मादाम बोव्हारी'तल्याच शेतकी मेळाव्यात एका म्हाताऱ्या मोलकरणीला बक्षीस देतात, कातरीन लरू तिचं नाव, एकाच शेतावर ५४ वर्षं नोकरी, चांदीचं पदक, किंमत २५ फ्रँक. ती स्टेजवर येते, पायात लाकडी खडावांसारखी जाड पादत्राणं, पुढे मोठा निळा एप्रन, डोक्याला बिनकाठाचं साधं टोपडं. आणि बाहीतून बाहेर आलेले हात. कोठारातली धूळ, कपडे धुण्याचा खार, लोकरीचा तेलकटपणा, यांनी ते इतके खरबरीत झालेत की स्वच्छ पाण्याने धुऊनही मळके दिसतात. आणि सेवा करून करून ते अर्धवट उघडेच राहिलेत.

मी पहिल्या खर्ड्यात 'हाफ-क्लोज्ड' लिहिलं होतं. अर्धे मिटलेले, अर्धे उघडे, एकच तर आहे, असं मला वाटलं. मॅडमनी माझा हात टेबलावर ठेवायला सांगितला, आधी मूठ करून थोडी सोड, मग पंजा पसरून थोडा मीट. दोन्ही वेळा बोटं साधारण तिथेच आली. मग म्हणाल्या, पुढचं वाक्य वाच. पुढे आहे की ते हात जणू स्वतःच पुढे होऊन सोसलेल्या सगळ्याची साक्ष देतायत. मग साक्ष देणारा हात कुठल्या बाजूने निघालाय, मिटण्याच्या का उघडण्याच्या?

मला आजी आठवली. शेवटच्या वर्षात ती ओटीवर बसायची तेव्हा मांडीवर उपडे नाही, उताणे हात, बोटं आत वळलेली, भाकरीचा गोळा अजून हातात असल्यासारखी. मी वहीत 'हाफ-क्लोज्ड' खोडून 'हाफ-ओपन' केलं आणि त्यानंतर बराच वेळ मला पुढचं काही लिहिता आलं नाही. काकूंनी चहा आणून दिला आणि माझ्या वहीत डोकावून 'एप्रन'च्या निळ्याबद्दल विचारलं, नीळ घातलेला का इंडिगो, आणि परत चर्चा सुरू झाली.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. मी परत नाव दिलंय, प्रूस्तचा पूर्ण रविवार आणि वाचता येतील असे झेरॉक्स द्या, एवढं सांगून.